थंडीत फ्लॅटमध्येच कपडे वाळवायचेत? मग कूलर गुंडाळून ठेवू नका

आमचा फ्लॅट जळगावला, दुसऱ्या मजल्यावर, वन बीएचके, आणि गॅलरी नेमकी उत्तरेला. म्हणजे अख्ख्या थंडीत गॅलरीत ऊन म्हणून येत नाही. गच्चीवर कपडे टाकायला परवानगी नाही. आणि नळ काही रोज येत नाही, त्यामुळे ज्या दिवशी येतो त्या दिवशी चार माणसांचं सगळं धुणं एकदम निघतं, चादरी, टॉवेल, जीन्स, पोरांचे युनिफॉर्म, वरून स्वेटर. एवढं सगळं दोन खोल्यांत वाळवायचं कसं, यात माझे तीन हिवाळे गेले, म्हणून जे जमलं ते नीट सांगते.

माझी मोठी चूक ही होती की थंडी वाजते म्हणून मी खिडक्या लावून घ्यायचे आणि बंद खोलीत स्टँड उभा करायचे. मला वाटायचं खोली उबदार राहील, कपडे लवकर वाळतील. होतं उलटंच. पाचेक किलो कपडे मशीनमध्ये चांगले स्पिन केले तरी त्यात अडीच लिटरच्या आसपास पाणी शिल्लक असतं, आणि ते पाणी कुठं जाणार, त्याच खोलीच्या हवेत. हवा भरली की वाळणं थांबतं, मग सकाळी खिडकीच्या काचेवर आतून थेंब आणि कपाटाच्या मागच्या भिंतीला काळी बुरशी. माझी आजी धुळ्याकडची, ती अहिराणीत म्हणायची, कपडास्ले वारा लागू दे, ऊन नही लागनं ते बी चाली. सगळी गोष्ट तेवढ्यातच आहे खरं तर.

आता आपल्या खान्देशातल्या थंडीचं एक बरं आहे. मुंबईसारखी दमट हवा नाही इथं. पहाटे १० डिग्री असतं तेव्हा एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ९ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, आणि दुपारी तीच हवा २८ डिग्रीला गेली की २७ ग्रॅम मावते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. पहाटेच्या हवेत वाफ तेवढीच आणि दुपारी जागा तिप्पट, म्हणून दुपारी बाहेरची हवा एवढी कोरडी लागते की ओठ फुटतात. ही हवा फुकट आहे, ती घरात घ्यायची आणि ओली झाली की बाहेर घालवायची, एवढंच काम. त्यामुळे सकाळी सहाला कपडे टाकून काही फायदा नाही, दहापर्यंत ते फक्त लटकतात. अकरा ते चार हा खरा वेळ. धुणं पहाटे निघालं असेल तर पिळून, स्पिन करून टबात सैल ठेवा आणि दहाच्या सुमारास टाका, पण टबात दिवसभर ठेवू नका, कुबट वास तिथंच धरतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, खिडक्या त्याच्या आधी लावायच्या आणि गॅलरीत काही असेल तर आत घ्यायचं, नाहीतर रात्रीच्या दवानं परत ओलं.

ज्यांची खिडकी दक्षिणेला आहे ते नशीबवान. हिवाळ्यात सूर्य दुपारीसुद्धा डोक्यावर नसतो, दक्षिणेला अर्ध्यावरच असतो, त्यामुळे ऊन तिरपं होऊन खोलीत चांगलं आत येतं. स्टँड त्या पट्ट्यात ठेवायचा आणि ऊन सरकेल तसा सरकवायचा.

आमच्यासारखं ऊन नसेल तर कूलर. खान्देशात घरोघरी खिडकीत कूलर असतो आणि जून संपला की आपण त्याला प्लास्टिक गुंडाळून मोकळे होतो. तो खाली उतरवू नका, कपडे वाळवायला याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण तो बाहेरची कोरडी हवा ओढून आत फेकतो, सिलिंग फॅन नुसती आतलीच फिरवतो. करायचं असं. पहिल्यांदा प्लग काढा. टाकीतलं सगळं पाणी काढून फडक्यानं कोरडी करा, तळाशी बोटभर पाणी राहिलं तरी डास होतात. पंपाचं बटण बंद म्हणजे बंदच. तिन्ही बाजूंच्या जाळ्यांमधलं जुनं गवत काढून टाका, पण रिकाम्या जाळ्या परत बसवा, कारण जाळीशिवाय पंखा उघडा राहतो आणि घरात लहान पोरं असतात. मग पंख्याची पाती ओल्या फडक्यानं पुसा, हे विसरू नका, मी पहिल्या वेळी विसरले आणि उन्हाळ्यापासूनची सगळी धूळ लेकीच्या पांढऱ्या शर्टावर, पाठभर तपकिरी ठिपके, दोनदा धुवावा लागला. कूलर चालू केला की समोरची एक खिडकी किंवा गॅलरीचं दार उघडं पाहिजे, हवा आली तशी गेली पाहिजे, नाहीतर सगळं फुकट. कपडे कूलर आणि त्या दाराच्या मधे. वारा कपड्याच्या कडेवर यायला हवा, म्हणजे दोन कपड्यांच्या फटीतून तो आरपार जातो, तोंडावर आला तर पहिलाच कपडा वाळतो आणि मागचे तसेच. आमच्याकडे सुती शर्ट असे दोन-तीन तासांत होतात.

कूलर नसेल तर टेबल फॅन खिडकीजवळ, तोंड आत. हीटरच्या मागं लागू नका. २००० वॉटचा हीटर तासाला २ युनिट खातो आणि खिडकी बंद ठेवावी लागते म्हणजे पुन्हा पहिल्या जागी. कोळशाची शेगडी तर बंद घरात अजिबात नको, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही रंग नाही आणि माणूस झोपेतच जातो. गॅसच्या वर दोरी बांधून कपडे वाळवणारेही बघितलेत मी, कृपा करून नका करू.

टाकण्याची पण पद्धत आहे. मशीनमध्ये शेवटी अजून एक स्पिन द्या, तेवढ्यात जेवढं पाणी निघतं तेवढं सुकायला तास जातात. प्रत्येक कपडा जोरात झटका. दोन कपड्यांत चार बोटं जागा, त्यापेक्षा गर्दी झाली तर निम्मे कपडे दुसऱ्या खेपेला टाका, खरंच लवकर होतात. जीन्स उलटी करून खिसे बाहेर काढायचे आणि कमरेला चार चिमटे लावून नळीसारखी उघडी टांगायची, आतून वारा जाईल अशी. चादर दोन दोऱ्यांवर तंबूसारखी. शर्ट हँगरवर, आणि हँगर पडद्याच्या दांडीला किंवा खिडकीच्या ग्रिलला. स्वेटर कधीच टांगू नका, पाण्याच्या वजनानं गुडघ्यापर्यंत लांबतो. कोरड्या टॉवेलमध्ये स्वेटरची वळकटी करा, वर गुडघा टेकून दाबा, टॉवेल ओला झाला की समजा काम झालं, मग नवारीच्या खाटेवर आडवा पसरा, खालून-वरून दोन्हीकडून हवा लागते. ज्यांच्याकडे अजून अशी खाट आहे त्यांनी ती भंगारात देऊ नये.

मधे एकदा फेरी मारून जे वाळलं ते लगेच काढायचं, म्हणजे राहिलेल्यांना हवा मिळते.

स्वयंपाकघरात मात्र नको. आपली हिरव्या मिरचीची फोडणी आणि काळा मसाला ओल्या कपड्यात असा बसतो की ऑफिसात शेजारचा विचारतो आज शेवभाजी का. आणि डिसेंबरात खाली पार्किंगमध्ये कोणाची भरीत पार्टी असेल, पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजायला घेतली असतील, तर तेवढा वेळ त्या बाजूची खिडकी लावून घ्या.

कपडा वाळला की नाही हे थंडीत कळत नाही, कारण गार आणि ओला हाताला सारखाच लागतो. मी शिवण बघते. काखेची, खिशाची, कमरपट्टीची जाड शिवण गालाला लावायची, शंका आली तर गरम इस्त्री तिथं टेकवायची, वाफ उठली की आत पाणी आहे. तसा कपडा घडी करून कपाटात गेला तर एका टॉवेलमुळं सगळा खण कुबट होतो. वास लागलाच तर सेंट किंवा कम्फर्टसारखं फॅब्रिक कंडिशनर टाकून झाकू नका, टॉवेल असेल तर पुन्हा गरम पाण्यात धुवा आणि त्याच दुपारी वाळवा. कम्फर्टनं टॉवेलची पाणी शोषायची ताकद पण जाते.

रात्री झोपायच्या खोलीत ओले कपडे नकोत, दम्याचं कोणी असेल तर मुळीच नको. जे राहिलं ते बाथरूममध्ये दांडीवर, एक्झॉस्ट चालू आणि दार दोन बोटं उघडं, कारण आत हवा यायला वाट नसेल तर एक्झॉस्ट नुसता आवाज करतो.

आणि रात्री दहाला लक्षात आलं की उद्याचा युनिफॉर्म ओलाच आहे, तर तो कोरड्या टॉवेलमध्ये घालून वळकटी करा आणि त्यावर उभं राहा, मग हँगरला लावून टेबल फॅनसमोर तासभर, कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या उलगडून. त्यानंतर इस्त्री, पहिले शिवणी मग बाकी. इस्त्री झाल्यावर लगेच घडी घालू नका, सकाळपर्यंत हँगरवरच राहू द्या.