फाउलहॉर्नला जाताय? आधी शेवटच्या गोंडोलाची वेळ लिहून घ्या

स्वित्झर्लंडमधलं फाउलहॉर्न शिखर 2681 मीटर, पण दोर नको, गाइड नको, उन्हाळ्यात थेट माथ्यापर्यंत मळलेली वाट आणि दोन्ही बाजूला गवत, म्हणून लोक तयारी न करता निघतात. मीही निघालो आणि खाली आणणारा शेवटचा गोंडोला (रोपवे) चुकला. म्हणून ही यादी.

आधी वाट ठरवा. ग्रिंडेलवाल्ड गावातून गोंडोलाने फर्स्ट या स्टेशनला जाऊन बाखआल्पसे तळ्यावरून चढलात तर चढ 500 मीटरच्या आसपास, लहान मुलं असतील तर हीच घ्या. बुसआल्पपर्यंत बस जाते, तिथून चढ जवळपास 900 मीटर, गर्दी कमी. तिसरी म्हणजे विल्डर्सविलहून दातेरी रुळांच्या रेल्वेने (1893 पासून चालू आहे, आरामात जाते, पन्नासेक मिनिटं धरा) शिनिगे प्लाटे, तिथून डोंगराच्या धारेने फाउलहॉर्न आणि पलीकडे फर्स्टला उतरायचं. साधारण 16 किमी, सहा तास. पुढचं सगळं या तिसऱ्या वाटेचं.

फर्स्टहून खाली येणाऱ्या शेवटच्या गोंडोलाची वेळ आदल्या रात्री बघा. सीझनप्रमाणे बदलते, मित्राने मागच्या वर्षी सांगितलेली चालणार नाही. कागदावर लिहा, फोनची बॅटरी फोटोंतच संपते. मग त्या वेळेतून मागे मोजत या, एक तास जास्तीचा ठेवा आणि सकाळची गाडी त्यावरून ठरवा, नाश्त्यावरून नाही. आणि हे नीट वाचा: वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर जे तास लिहिलेत ते न थांबता चालायचे आहेत, जेवण, फोटो, बूट काढून बसणं काही धरलेलं नाही. सहाचे आठ होतात.

बूट ग्रिपवालेच. गवत ओलं असलं की निसरडं, आणि अधेमधे घसारा (पायाखाली सरकणारी सुटी दगडमाती) आहे, सह्याद्रीत चालणाऱ्यांना नवीन नाही पण पाऊस पडून गेला असेल तर तिथेही जपून. जूनमध्ये सावलीच्या बाजूला बर्फ शिल्लक असू शकतो, रेल्वेही उन्हाळ्यापुरतीच चालते, दोन्ही बघून घ्या. धारेवर झाड नाही, त्यामुळे दुपारी गडगडाटाचा अंदाज असेल तर जाऊच नका, दुसऱ्या दिवशी जा. विंडचीटर, टोपी, सनस्क्रीन. पाणी दोन लिटर, मधे मेंडलेनन खिंडीत हट आहे, माथ्यावर हॉटेल आहे, पण पाण्यासाठी त्यांच्या भरवशावर निघू नका. थोडी कॅश. तिकीट दोन्हीकडे सिंगल काढा, रिटर्न वाया जातं. गाईंच्या कुंपणाचं फाटक उघडलंत की लावा.

मेंडलेननला घड्याळ बघा. उशीर झाला असेल तर तिथे जेवत बसू नका, खात खात चला. माथ्यावर परत बघा. एका बाजूला आयगर, मंख, युंगफ्राउ ही शिखरं, दुसरीकडे खाली ब्रिएंझचं तळं, पाय निघत नाही हे मान्य, तरी निघा. बाखआल्पसेला पोचलात म्हणजे आलो असं वाटतं, अजून पाऊण तास आहे. गोंडोला गेला तर पुढे 1100 मीटरची उतरण, दमलेल्या गुडघ्यांनी, अंधार पडताना. टॉर्च म्हणूनच सॅकमध्ये हवा.

फर्स्टला पोचलात की सरळ रांगेत. खाली ग्रिंडेलवाल्डचं रेल्वे स्टेशन चालत जवळ, इंटरलाकेनच्या गाड्या मिळतात.