उंदरांच्या गाठींवर काम सुरू करताय? आधी कंट्रोलच्या स्लाइड बघा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझे आठ महिने फुकट गेले. उंदीरही गेले, आणि ते मला आजही जास्त लागतं. म्हणून लिहितेय.

बी१६, ४टी१, एर्लिक ही उंदरांत गाठी वाढवायला वापरतात त्या कर्करोग-पेशींची नावं तुम्हाला माहीत असणार. कॅलिपरने मोजून गाठीचं आकारमान काढायचं, लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन, हेही येत असणार. त्यावर वेळ घालवत नाही.

माझं चुकलं ते असं. औषध दिलेल्या उंदरांच्या गाठींमध्ये मधोमध मोठा गुलाबी पट्टा दिसला. केंद्रकं विरघळलेली, पेशींच्या नुसत्या सावल्या. मी वहीत लिहिलं, ‘औषध लागू पडलं.’ कंट्रोलच्या, म्हणजे औषध न दिलेल्या उंदरांच्या, गाठी मोठ्या होत्या, कॅसेटमध्ये (तुकडे ठेवायच्या छोट्या डबीत) मावत नव्हत्या, म्हणून त्यांच्या कडेचेच तुकडे घेतले होते. पुढे एक कंट्रोल गाठ मधून कापली, तर आत तोच गुलाबी पट्टा! औषधाचा थेंबही न मिळालेली गाठ होती ती.

ऑक्सिजन रक्तवाहिनीपासून जेमतेम १०० ते २०० मायक्रोमीटर पोचतो. त्यापलीकडच्या पेशी आपोआप मरतात. टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ मध्येच माणसाच्या फुप्फुसाच्या कर्करोगात हे दाखवलं होतं. गाठ जितकी मोठी, तितका हा भाग बहुधा मोठा. म्हणजे मधल्या मेलेल्या पेशी मोजून औषधाला श्रेय देता येत नाही. उलट त्या भागाला लागून ज्या अर्धवट गुदमरलेल्या पेशी जिवंत असतात, त्यांच्यापर्यंत औषधही कमी पोचतं. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध मायक्रोस्कोपखाली योग्य प्रकाशात स्वतःच लाल चमकतं. रक्तवाहिनीपासून दूर जाताना ती चमक विझत जाते, हे एकदा डोळ्यांनी बघाच.

तेव्हा प्रत्येक गाठ सर्वांत रुंद जागी कापा, दोन्ही गटांत सारखीच. तुलना जवळपास सारख्या आकाराच्या गाठींची करा. आणि बघायचं ते जिवंत कडेला: एकेकट्या मरणाऱ्या पेशींच्या खुणा, म्हणजे आक्रसलेल्या सुट्या पेशी आणि तुकडे झालेली गडद केंद्रकं, शिवाय पेशींची विभाजनं. विभाजनांतही सावध राहा. व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगाचं औषध दिल्यावर ती वाढलेली दिसतात, कारण पेशी विभाजनाच्या मधल्या टप्प्यावर, मेटाफेजलाच, अडकतात. गाठ जोमाने वाढतेय असा अर्थ काढू नका.

सॉफ्टवेअरने मोजणी पहिल्या महिन्यात नकोच. डोळा तयार नसेल, तर मशीन काय चुकीचं मोजतंय हेही कळत नाही. नुसते आलेख मागणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा तासभर तुमच्याबरोबर मायक्रोस्कोपला बसणारा पॅथॉलॉजिस्ट शोधा, आणि कुठली स्लाइड कुठल्या गटाची हे त्याला सांगू नका.

सुरुवातीला सगळ्या स्लाइड सारख्याच दिसतात. घाबरू नका, मला दोन महिने लागले.

गाठीचे उरलेले तुकडे मात्र फेकू नका. माझे काही फॉर्मेलिनच्या बाटल्यांत राहिले होते, त्यांतून निम्मं काम वाचलं. बाकीच्या गटांसाठी पुन्हा उंदीर घ्यावे लागले.