गॅलरीतला शिंजीर, तीन फ्लॅश आणि एक सनबोर्ड

हमिंगबर्डचे ते फोटो तुम्ही पाहिले असतीलच. पंखाचं पीस न् पीस सुटं, मागे मऊ हिरवा रंग. हा पक्षी फक्त अमेरिका खंडांत सापडतो. तिकडचे फोटोग्राफर साखरपाण्याचा फीडर टांगतात, भोवती चार-पाच फ्लॅश लावतात आणि मागे चक्क छापील चित्र उभं करतात. मुंबईत हमिंगबर्ड यायचा नाही, पण हीच युक्ती शिंजिरावर, म्हणजे आपल्या सनबर्डवर, छान चालते. माझा सगळा खटाटोप मुलुंडला, तिसऱ्या मजल्यावरच्या बॉक्स ग्रिलमध्ये असतो.

शिंजीर मुळात आळशी. टेकायला फांदी मिळाली तर तो पंख मारत बसणार नाही. जास्वंदीला तर तो बाहेरून देठाशी लोंबकळतो, पाकळ्यांच्या बुडाला चोच खुपसतो आणि मध पळवतो. फोटोसाठी हे कुचकामी. म्हणून मी हमेलिया लावली. ही मूळची अमेरिकेतली, तिकडे तिच्या नळीसारख्या केशरी फुलांत हमिंगबर्ड चोच घालतो. तिचा एकच बारीक शेंडा ग्रिलबाहेर झुकू द्यायचा आणि आजूबाजूच्या टेकण्याजोग्या काड्या कापून टाकायच्या. मग तो फुलासमोर क्षणभर तरी हवेत थांबतो. आणि हो, ग्रिलच्या कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं झाडू नका. शिंजीर कोळी टिपायला येतो, मादी घरट्यासाठी जाळं न्यायला येते, आणि तिथेही हवेतच थांबावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. पंख गोठवतो तो फ्लॅश, शटर नव्हे. साधा स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा सुटा फ्लॅश, पूर्ण ताकदीला सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेळ पेटतो, त्यात पंख पुसटच येणार. तोच १/१६ ताकदीवर आणला की साधारण १/१०,००० सेकंद, १/३२ वर त्याहूनही कमी. ताकद कमी केली म्हणजे उजेडही कमी, म्हणून एकाऐवजी दोन फ्लॅश, तेही फुलापासून दीड-दोन फुटांवर. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट मिळतो, त्यामुळे ताकद वाढवण्याआधी फ्लॅश पुढे सरकवून बघा. हाय स्पीड सिंक (फार वेगवान शटरसोबत फ्लॅश वापरायची सोय) बंद ठेवा. त्यात फ्लॅश एका झटक्यात न पेटता तुकड्यातुकड्यांनी जळत राहतो आणि सगळा उद्देशच फसतो. टीटीएल, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्यानेच ठरवणं, तेही नको. त्याच्या आधीच्या छोट्या चमकेने पक्षी दचकतो. सगळं मॅन्युअल.

कॅमेरा १/२०० सेकंद, लेन्सचं छिद्र बारीक म्हणजे एफ-१६, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ४००. फ्लॅश बंद करून एक फोटो काढा, तो काळाकुट्ट यायला हवा. फूल अंधुकसं जरी दिसलं तरी आयएसओ उतरवा, नाहीतर गोठलेल्या पंखाभोवती दिवसाच्या उजेडातल्या पंखाची भुतावळ उमटते. ऊन थेट गॅलरीत येत असेल तर ते सरकेपर्यंत थांबा.

फ्लॅश लावल्यावर पक्षी लख्ख येतो आणि मागे रात्र होते, कारण पलीकडच्या झाडांपर्यंत आपला उजेड पोचत नाही. तिथे सनबोर्ड, म्हणजे चित्र चिकटवायचा हलका फोमचा बोर्ड, लागतो. मी पावसाळ्यात राष्ट्रीय उद्यानातल्या झाडीचे फोटो मुद्दाम फोकस पूर्ण घालवून काढून ठेवते आणि त्यातला एक २० बाय ३० इंचांत मॅट छापून सनबोर्डवर चिकटवते. छापणारा फ्लेक्स सुचवेल, स्वस्तही पडेल, पण त्यावर फ्लॅशचा पांढरा डाग हमखास चमकतो. बोर्ड फुलामागे तीन-साडेतीन फुटांवर हवा. फार जवळ ठेवला तर पक्ष्याची सावली त्यावर पडते आणि पितळ उघडं पडतं. माझ्याकडे ग्रिल पुरत नाही, म्हणून कुंडी एका टोकाला आणि बोर्ड दुसऱ्या टोकाला बांधते. तिसरा फ्लॅश फक्त बोर्डासाठी, खालून तिरका.

रंगाबाबत माझं मत ठाम आहे: निळं आकाश छापू नका, ते लग्नाच्या स्टुडिओसारखं दिसतं. जांभळ्या शिंजिराच्या नरामागे फिकट पोपटी किंवा वाळक्या गवताचा रंग, कारण तो स्वतः गडद. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचं पोट पिवळं, त्याला गडद हिरवा शोभतो.

नराचा गळा काळा येतो ही नेहमीची तक्रार. ती चमक रंगद्रव्याची नाही, पिसाच्या रचनेची आहे. उजेड ठरावीक कोनातून गेला तरच ती परत येते. म्हणून दोनांतला एक फ्लॅश लेन्सच्या अगदी वर, जवळ धरा. दुसरा बाजूने. विणीनंतर जांभळ्या शिंजिराचा नर रंग उतरवतो, पिवळट पोटावर मधोमध काळा पट्टा एवढंच उरतं. तेव्हा मी त्याच्या वाटेला जात नाही.

कॅमेरा खोलीत, पडद्याआड. फोकस फुलाच्या तोंडापासून बोटभर अलीकडे ठरवून हाताने लॉक, कारण डोळा तिथे येणार. बटण रिमोटने. फ्लॅश आधी काही दिवस नुसतेच टांगून ठेवा, म्हणजे पक्ष्यांना त्यांची सवय होते. माणसांना मात्र होत नाही. समोरच्या विंगमधल्या काकूंनी एकदा जिन्यात विचारलंच, "अगं, सकाळी सकाळी तुमच्याकडे वीज कसली चमकते?" तेव्हापासून फ्लॅशची तोंडं घराकडे वळवलेली असतात आणि रस्त्याकडच्या बाजूला काळा चार्ट पेपर.

शिंजीर तुमच्याच ग्रिलच्या वायरला घरटं लोंबकळवू शकतो. तसं झालं तर पिल्लं उडेपर्यंत फ्लॅश उतरवायचे, यात तडजोड नाही. आणि फोटो स्पर्धेला पाठवणार असाल तर मागचं चित्र छापील आहे हे लिहा. काही ठिकाणी असा फोटो चालतच नाही, नियम आधी वाचून घ्या.