सीईटीचं गणित: मॉकवर मॉक दिले, मार्क तिथंच? या चुका टाळा

एमएचटी-सीईटी म्हणजे बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठीची राज्याची परीक्षा. तिच्या पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुपला एकूण २०० मार्क, आणि त्यातले १०० एकट्या गणिताचे. ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. फिजिक्स-केमिस्ट्रीचा प्रश्न बरोबर आला तर एक मार्क, गणिताचा आला तर दोन. त्यामुळे बारावी बोर्डाचे पेपर संपले रे संपले की मुलं गणिताच्या मॉकच्या, म्हणजे सराव परीक्षांच्या, मागे लागतात. कुणी क्लासची टेस्ट सिरीज लावतं, कुणी ॲपवर, कुणी दोन्हीकडे.

पहिल्या काही मॉकमध्ये मार्क वाढतातही. स्क्रीनची सवय होते, घड्याळाची भीती जाते. मग ५२, ५६, ५४, ५२ असं सुरू होतं आणि आकडा हलायचं नाव घेत नाही. घरचे म्हणतात, अजून टेस्ट दे. मुलगा अजून टेस्ट देतो. इथंच गफलत होते. मॉक दिल्यावर आपण कुठं आहोत ते कळतं; तिथून पुढं सरकायचं काम एक मॉक संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या वेळात होतं, आणि नेमका तोच वेळ बहुतेक जण वाया घालवतात.

सोल्यूशन वाचलं, "अरे हो!" म्हटलं, झालं

ही सगळ्यात महाग चूक, म्हणून आधी हिच्याकडे बघू.

प्रश्न असा: साइन इन्व्हर्स ऑफ साइन २पाय/३ ची किंमत किती? मुलगा साइन आणि साइन इन्व्हर्स एकमेकांना कापतो आणि २पाय/३ वर टिक करतो. तो पर्याय तिथं असतोच, कारण पेपर काढणाऱ्याला माहीत असतं की मुलं हेच करणार. उत्तर आहे पाय/३. साइन इन्व्हर्सची किंमत उणे पाय/२ ते पाय/२ याच्या बाहेर जात नाही, आणि २पाय/३ त्या बाहेर आहे. सोल्यूशन बघितलं की दोन सेकंदांत पटतं. "अरे हो, रेंज!" म्हणून मुलगा पुढच्या चुकीकडे वळतो.

पुढच्या मॉकला कॉस इन्व्हर्स ऑफ कॉस ७पाय/६ येतं. इथं रेंज शून्य ते पाय, उत्तर ५पाय/६. मुलगा परत ७पाय/६ वर टिक करून मोकळा, कारण मागच्या वेळी त्याने चूक वाचली होती, सोडवली नव्हती. वाचलेलं पटतं, पण हाताला लागत नाही.

करायचं ते एवढंच. चुकलेला प्रश्न सोल्यूशन झाकून, कोऱ्या कागदावर, पहिल्या ओळीपासून सोडवायचा. मग तीन-चार दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा, काही न बघता. आणि त्याच जातीचे आणखी चार-पाच प्रश्न पुस्तकातून शोधून त्याच बैठकीत. कंटाळवाणं आहे, मान्य. ९० मिनिटांच्या पेपरमागे दोन-अडीच तास यात सहज जातात. म्हणूनच रोज एक फुल मॉक देणाऱ्या मुलाचं मला कौतुक वाटत नाही. तो हे कधी करतो?

प्रत्येक चुकीला "सिली मिस्टेक" म्हणणं

"सर, दहा तर सिली मिस्टेक आहेत, त्या काढल्या तर सत्तरच्या वर आहे." हे वाक्य कुठल्याही क्लासच्या बाहेर ऐकू येतं. एखाद्या पेपरात दोन सिली मिस्टेक होतात. दर पेपरात दहा होत असतील तर त्या सिली नाहीत.

उदाहरण बघा. एक्स वर्ग − ५एक्सवाय + ६वाय वर्ग = ०, या दोन रेषांमधला कोन काढायचा आहे. सूत्र पाठ आहे: टॅन थीटा म्हणजे २ गुणिले वर्गमुळात एच वर्ग − एबी, भागिले ए + बी. मुलगा एच म्हणून ५ घेतो आणि त्याला २√१९/७ मिळतं. पर्यायात तेही असू शकतं. खरं तर एक्सवायचा सहगुणक २एच असतो, म्हणजे एच झाला उणे ५/२, आणि उत्तर येतं १/७. पडताळा हवा असेल तर समीकरणाचे अवयव पाडा: (एक्स − २वाय)(एक्स − ३वाय). चढ १/२ आणि १/३. कोन तोच येतो.

याला मुलगा "घाईत झालं" म्हणतो. पण त्याची मागची तीन रफ काढून बघितली की तिन्हीकडे एच तसाच पूर्ण घेतलेला दिसतो. ही घाई नव्हे, ही चुकीची पडलेली सवय. तिला "नीट बघ" हा सल्ला पुरत नाही. पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्सचे पंधरा प्रश्न नुसते ए, एच, बी लिहून काढण्यासाठी घ्यावे लागतात, पुढचं गणित न सोडवता.

म्हणून पेपर तपासताना प्रत्येक चुकीच्या पुढे खरं कारण लिहा. माझ्या मते चार खाती पुरतात: येतच नव्हतं, येत होतं पण ओळखलं नाही, ओळखलं पण हिशेबात किंवा चिन्हात गेलं, वेळच उरला नाही.

यातलं दुसरं खातं मुलांना सगळ्यात कमी कळतं. √एक्स भागिले (√एक्स + √(७ − एक्स)), याचं २ ते ५ डेफिनिट इंटिग्रेशन. शून्य ते ए असतं तर पोरानं प्रॉपर्टी लावून झटक्यात उत्तर दिलं असतं. इथं खाली २ दिसल्याबरोबर तो बिचकतो, सब्स्टिट्यूशनच्या मागे लागतो आणि पाच मिनिटं घालवतो. २ + ५ = ७ हे दिसलं की एक्सच्या जागी ७ − एक्स, दोन्ही इंटिग्रलची बेरीज ३, उत्तर ३/२. प्रॉपर्टी त्याला येत होती, प्रश्न ओळखता आला नाही. अशा मुलाला "इंटिग्रेशन कच्चं आहे" म्हणून अख्खा चॅप्टर परत वाचायला बसवणं म्हणजे जखम डोक्याला आणि पट्टी गुडघ्याला. त्याला हवेत निरनिराळे प्रश्न, फक्त पहिली ओळ लिहायची आणि पुढचा घ्यायचा.

फक्त चॅप्टर टेस्टवर भरवसा

वरचा मुलगा डेफिनिट इंटिग्रेशनच्या चॅप्टर टेस्टमध्ये कदाचित ९० टक्के घेईल. कारण टेस्टच्या नावातच उत्तराची किल्ली असते: प्रश्न कुठल्या धड्यातला हे आधीच कळलेलं असतं. खऱ्या पेपरात तसं कुणी सांगत नाही. पोर्शन पूर्ण होईपर्यंत चॅप्टर टेस्ट ठीक. त्यानंतर निदान तीन-चार चॅप्टर मिसळून टेस्ट द्या, आणि त्यात अकरावीचा एक तरी हवाच. अकरावीच्या पोर्शनला साधारण २० टक्के वजन आहे, म्हणजे दहाएक प्रश्न, २० मार्क. स्ट्रेट लाइन, सर्कल, कॉम्प्लेक्स नंबर्स, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, लिमिट्स हे धडे वर्षभर कपाटात पडून असतात आणि एप्रिलमध्ये आठवतात.

गणिताचा मॉक सकाळी, ताज्या डोक्याने

क्लास गणिताची टेस्ट रविवारी सकाळी वेगळी घेतात. सोयीचं आहे. पण सीईटीत आधी फिजिक्स-केमिस्ट्रीची ९० मिनिटं आणि तो भाग बंद झाल्यावर गणित उघडतं. आधीच्या भागात परत जाता येत नाही, तिथला वेळही इकडे वळवता येत नाही. म्हणजे तुमचं गणित सुरू होतं ते शंभर प्रश्न सोडवून थकलेल्या डोक्याने.

घरच्या मॉकला ७० आणि पूर्ण तीन तासांच्या मॉकला ५८ येत असतील तर गणित बिघडलेलं नसतं, दम कमी पडत असतो. शेवटच्या महिन्यातला प्रत्येक फुल मॉक तीन तासांचा, याच क्रमाने द्या. सेशन सकाळचं मिळेल की दुपारचं हे आपल्या हातात नसतं, तेव्हा काही मॉक भर दुपारी जेवणानंतरही देऊन बघा. एप्रिल-मेच्या दुपारी गणित कसं सुटतं ते एकदा अनुभवलेलं बरं.

गेसचे मार्क खऱ्या मार्कांत मिसळणं

निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून खऱ्या परीक्षेत एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. चार पर्याय आहेत. आठ प्रश्नांवर डोळे मिटून टिक केलीत तर सरासरी दोन बरोबर येतील, ४ मार्क. हे सगळ्यांना माहीत आहे.

अडचण मॉकच्या वेळी येते. गेस लागला की तो प्रश्न हिरवा दिसतो आणि आपण तो बघतच नाही. म्हणून मॉक देताना रफच्या एका कोपऱ्यात गेस मारलेल्या प्रश्नांचे नंबर टिपून ठेवा. नंतर दोन आकडे काढा, एकूण मार्क आणि खात्रीचे मार्क. लागलेला गेसही तपासणीत चुकलेल्यांच्याच रांगेत बसवायचा. एखाद्या आठवड्यात मार्क ६० वरून ६६ झाले पण खात्रीचे ५४ च राहिले, तर पेढे वाटायची घाई करू नका.

उलटी चूक जेईईवाले करतात. जेईई मेनमध्ये चुकलेल्या उत्तराला एक मार्क जातो, म्हणून न येणारा प्रश्न सोडायची शिस्त लागलेली असते, आणि तीच घेऊन ते सीईटीला बसतात. शिवाय तिथं गणिताचे प्रश्न २५ आणि प्रत्येकाला वेळही जास्त. काठिण्यासाठी जेईईचे प्रश्न जरूर सोडवा, पण घड्याळ लावून द्यायचे मॉक सीईटीच्याच पॅटर्नचे घ्या.

एक ते पन्नास, ओळीने

९० मिनिटांत ५० प्रश्न म्हणजे सरासरी १०८ सेकंद. बोर्डात हेच इंटिग्रेशन तुम्ही पायऱ्या मांडून निवांत लिहिता; तिथं ८० मार्कांना तीन तास असतात. ती सवय घेऊन आलेला मुलगा सातव्या प्रश्नावर सहा मिनिटं बसतो आणि शेवटचे दहा प्रश्न न वाचताच टिक करतो. त्यात मॅथेमॅटिकल लॉजिकचा अर्ध्या मिनिटाचा प्रश्नही असतो.

दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत प्रश्न वाचून रस्ता दिसला तर सोडवा. दीड मिनिटात काही धागा लागला नाही तर मार्क फॉर रिव्ह्यू करून पुढे. पन्नासही प्रश्न एकदा डोळ्यांखालून गेल्यावर दुसरी फेरी. सांगायला सोपं आहे, पण अर्धवट सुटलेलं गणित सोडून पुढं जाताना जीव तुटतो, विशेषतः हुशार मुलांचा. तो सराव मॉकमध्येच करावा लागतो. पर्यायांकडून मागे येणंही तिथंच शिका: इनडेफिनिट इंटिग्रेशन अडलं तर चारही पर्याय बघा, कित्येकदा एखाद्याचं डेरिव्हेटिव्ह काढणं जास्त सोपं असतं.

बारीकसारीक, पण मार्क खाणारं

मोबाइलवर लोळून मॉक देऊ नका. परीक्षेत समोर मॉनिटर, हातात माउस आणि बाजूला रफचा कागद असतो. स्क्रीनवरून कागदावर उतरवताना उणे चिन्ह गळतं, ३ चा ८ होतो. परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या वेबसाइटवर परीक्षेआधी मॉक टेस्टची लिंक येते. ती निदान एकदा कॉम्प्युटरवर उघडून बटणं बघून घ्या.

रफमध्ये प्रत्येक गणितापुढे प्रश्नाचा नंबर टाका आणि मॉक झाला की रफ फेकू नका. चूक कुठल्या ओळीत झाली ते फक्त तिथंच सापडतं, ॲपच्या रंगीत ग्राफमध्ये नाही.

फिजिक्स-केमिस्ट्रीसाठी मराठी माध्यम निवडलं तरी गणिताचा पेपर इंग्रजीतच येतो. तेव्हा मॉकही इंग्रजीतूनच सोडवा.

जुने पेपर सोडवताना साल बघा. बारावीची पुस्तकं २०२० साली बदलली. त्याआधीच्या पेपरातला एखादा प्रश्न डोक्यावरून गेला तर घाबरण्याआधी तो आताच्या सिलॅबसमध्ये आहे का ते तपासा.

टेस्ट सिरीजचं पर्सेंटाइल मनावर घेणं

सीईटीचं पर्सेंटाइल तुमच्या सेशनला बसलेल्यांपैकी किती जणांना तुमच्याइतके किंवा कमी मार्क आहेत यावर ठरतं. क्लासच्या बॅचमध्ये साठ मुलं असतील तर तिथलं ९५ म्हणजे वरून तिसरा-चौथा, बस. त्यावरून कुठलं कॉलेज मिळेल याचा अंदाज बांधू नका. मॉकमध्ये स्वतःचे मार्क आणि चुकांची खाती बघा.

मार्क अचानक घसरले तर

आधी बघा, सिरीज बदलली का. काही सिरीज मुद्दाम अवघड काढतात, काही मुलांना खूश ठेवायला सोप्या. दोन वेगळ्या सिरीजचे मार्क शेजारी ठेवून तुलना करू नका. सिरीज तीच असेल तर मागच्या तीन पेपरांचे तीन आकडे काढा: गेस न मारता किती प्रश्न सोडवले, त्यातले किती बरोबर आले, किती प्रश्नांपर्यंत पोचलाच नाहीत. सोडवलेले ३८ वरून ३० वर आले पण त्यातले २६-२७ बरोबर असतील, तर वेग गेलाय. फेऱ्यांची पद्धत परत बघा. सोडवलेले ३८ च आहेत पण बरोबर २३, तर हिशेब ढिला झालाय. आठवडाभर मॉक बंद करून रोज वीस प्रश्न, घड्याळ न लावता, प्रत्येक ओळ लिहून सोडवा. दोन्ही ठीक असून गेस लागले नसतील, तर काहीच बिघडलेलं नाही, पुढचा मॉक ठरल्या दिवशी द्या.