सेप्सिसचा पहिला तास: वॉर्डात आधी काय, नंतर काय

सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागल्याचा, संशय आला की घड्याळ बघा आणि ती वेळ केसपेपरवर लिहा. पुढचा सगळा हिशेब तिथून. ताप असलाच पाहिजे असं नाही, वयस्कर रुग्णाचं अंग गारही लागतं. श्वास वाढलाय, बोलण्यात गोंधळ आहे, लघवी कमी झालीय, एवढं दिसलं तरी सगळी निरीक्षणं मोजा. न्यूज-२ स्कोअर (श्वास, नाडी, बीपी वगैरे निरीक्षणांच्या गुणांची बेरीज) ५ भरला तर डॉक्टरांनी लगेच यायला हवं. ७ किंवा जास्त असेल तर आयसीयूला कळवा. क्यूसोफा (श्वास, बीपी आणि शुद्ध एवढंच बघणारा छोटा स्कोअर) एकटा वापरू नका, त्यातून बरेच रुग्ण निसटतात.

लाइन (शिरेतली नळी) टाकताना लॅक्टेट (रक्तपुरवठा अपुरा पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) तपासायला पाठवा आणि अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातले जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्या. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दोन वेगळ्या जागा, प्रत्येक ठिकाणी एक सेट (एक एरोबिक म्हणजे हवेत वाढणाऱ्या जिवाणूंची आणि एक अ‍ॅनेरोबिक म्हणजे हवेशिवाय वाढणाऱ्यांची बॉटल), मोठ्या माणसासाठी दर बॉटलमध्ये ८ ते १० मि.ली. रक्त. रक्तातले जिवाणू फार विरळ असतात, कित्येकदा १ मि.ली.मध्ये एकही नसतो. ३ मि.ली. घालून पाठवलेली बॉटल निगेटिव्ह आली तर तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? अल्कोहोलमधल्या २ टक्के क्लोरहेक्सिडिनने कातडी ३० सेकंद घासा, पूर्ण वाळू द्या, मग शीर पुन्हा चाचपू नका. बॉटलचं रबरी बूचही अल्कोहोलने पुसा. बटरफ्लाय सुईने घेत असाल तर एरोबिक बॉटल आधी, कारण नळीतली हवा तिच्यात गेलेली चालते. सिरिंजने घेतलं तर अ‍ॅनेरोबिक आधी. बॉटल फ्रिजमध्ये ठेवू नका.

शीर सापडत नसेल तर कल्चरसाठी ४५ मिनिटांहून जास्त थांबायचं नाही. शॉक (बीपी पडून अवयवांना रक्त कमी पडणं) असेल किंवा सेप्सिस जवळपास नक्की असेल, तर अँटिबायोटिक तासाभरात. शॉक नाही आणि निदानाबद्दल शंका आहे, तर ३ तासांपर्यंत तपासायला वाव आहे. किडनी खराब असली तरी पहिला डोस पूर्णच. कपात पुढच्या डोसांपासून. दोन औषधं द्यायची असतील तर बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या कुळातलं) आधी सोडा. व्हँकोमायसिनला तासाहून जास्त लागतो आणि लाइन एकच असेल तर दुसरं औषध ताटकळतं.

बीपी पडलंय किंवा लॅक्टेट ४ मिलिमोल/लिटर किंवा जास्त आहे, तर रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखं क्षारांचं द्रव) किलोमागे ३० मि.ली., म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०० मि.ली., पहिल्या ३ तासांत. पण एकदम ओतू नका. ५००-५०० मि.ली. द्या आणि दर वेळी छाती ऐका, बोट दाबून बघा. बोटाच्या पेरावर काचेची स्लाइड पांढरं पडेपर्यंत दाबा, १० सेकंद धरा, सोडा. रंग परतायला ३ सेकंदांहून जास्त लागले तर रक्तपुरवठा अजून अपुरा आहे. मीन बीपी (सरासरी रक्तदाब) ६५ च्या खालीच राहिलं तर सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत टाकलेल्या नळीची) वाट न पाहता कोपराच्या किंवा त्यावरच्या चांगल्या शिरेतून नॉरअ‍ॅड्रेनलिन (बीपी वाढवणारं औषध) सुरू करा आणि सुईची जागा उघडी, डोळ्यांसमोर ठेवा.

पहिल्या तासाची मेहनत बऱ्याचदा दुसऱ्या डोसात वाया जाते. कॅज्युअल्टीत दुपारी २ वाजता दिलेलं आठ तासांचं औषध वॉर्डाच्या चार्टवर 'सकाळी ६' म्हणून चढतं आणि मध्ये १६ तास जातात. रुग्ण हलवण्याआधी पुढच्या डोसची नेमकी वेळ, रात्री १०, चार्टवर लिहा आणि ताबा घेणाऱ्या सिस्टरना तोंडीही सांगा.