पॉलिशच्या वेळी बूट धरणारा स्टँड : या चुका टाळा

बूट पॉलिश करताना डावा हात बुटात घालायचा आणि उजव्या हाताने ब्रश मारायचा, ही घरोघरची रीत. लांबी कमी-जास्त करता येणारा स्टँड त्या डाव्या हाताच्या जागी येतो, बाकी काही नाही. डावा हात बुटाला आतून ताणत नाही. ब्रश ज्या बाजूने ढकलेल त्याच्या उलट बाजूने आधार देतो. स्टँड घेतलेले बहुतेक जण हेच विसरतात आणि बूट हलतोय असं दिसलं की लांबी वाढवणाऱ्या स्क्रूची चावी पिळतात. मग दोन-तीन महिन्यांत बुटाच्या टाचेचा काठ फाकतो, लेस बांधूनही टाच वर-खाली होते, आणि दोष चामड्याला दिला जातो.

स्टँडचे भाग मोजके असतात. भिंतीला किंवा टेबलाच्या कडेला बसणारी आधारपट्टी, तिच्यातून पुढे आलेली दांडी, दांडीच्या टोकाला पावलाच्या पुढच्या भागाच्या आकाराचा ठोकळा, मागे टाचेला टेकणारी पट्टी, आणि या दोहोंतलं अंतर कमी-जास्त करणारा स्क्रू. काही नमुन्यांत स्क्रूऐवजी स्प्रिंग असते.

खरेदी करताना गटई कामगाराकडची लोखंडी तिवई आणि हा स्टँड यांत गल्लत करू नका. तिवईवर बूट उलटा चढवतात, कारण तिथे काम तळाचं असतं: खिळे ठोकणं, सोल चिकटवणं. तिचा लोखंडी पाय हातोडीचे घाव झेलण्यासाठी असतो. त्यावर बूट सुलटा राहत नाही, आणि आतलं अस्तर लोखंडाच्या कडेला घासून फाटतं. शू ट्री हीसुद्धा वेगळी वस्तू. बूट कपाटात असताना त्याचा आकार टिकवणं आणि आतली ओल शोषणं हे तिचं काम, म्हणून तिच्यात थोडा ताण मुद्दाम ठेवलेला असतो. पॉलिशच्या स्टँडला तो ताण नको.

लांबी लावताना होणारी गडबड

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा थांबू.

पुष्कळ जण स्टँडची लांबी बुटाच्या सोलवर धरून लावतात. सोल चामड्याच्या बाहेर आलेला असतो, जाड टाकेवाल्या बुटात तर दोन्ही टोकांना मिळून दीड-दोन सेंटिमीटरही. तेवढी लांबी आत बसवायची म्हणजे चामडं ताणणंच झालं. लांबी आतल्या मापावर लागते. इंग्लिश मापात मोठ्यांच्या बुटाचा एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, जवळजवळ ८.५ मिमी. ८ नंबरच्या बुटाचं कलबूत, म्हणजे ज्याच्यावर चामडं ताणून बूट घडवतात तो पावलाच्या आकाराचा साचा, सुमारे २७९ मिमी लांब असतं, ४ नंबरचं २४६, १० नंबरचं २९६. म्हणजे ४ ते १० नंबरचे बूट एकाच स्टँडवर घ्यायचे तर त्याची चाल, म्हणजे सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब मापातला फरक, किमान ५ सेंटिमीटर हवी. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर हिशेब बदलतो. मुलांचे नंबर १३ ला संपून मोठ्यांचे पुन्हा १ पासून सुरू होतात. त्यामुळे मुलाचा ११ नंबर म्हणजे जेमतेम १९५ मिमी आणि वडिलांचा ९ नंबर म्हणजे २८८. हा ९३ मिमीचा फरक एका दांडीत बसवायला गेलात तर दांडी पूर्ण बाहेर आल्यावर लवते. शिवाय मोठ्या ठोकळ्याची रुंदी लहान बुटात मावत नाही. अशा घरात अदलाबदल करता येणारे दोन ठोकळे असलेला स्टँड घ्यावा.

क्रम असा ठेवा. लेस पूर्ण काढा, जीभ पुढे ओढा. स्क्रू उलटा फिरवून स्टँड सगळ्यात आखूड करा. आधी बुटाचा पुढचा भाग ठोकळ्यावर चढवा, मग टाच पट्टीवरून खाली दाबा. आता स्क्रू दोन बोटांनी फिरवत जा. ठोकळा आणि पट्टी दोन्ही टेकल्या की हाताला पहिला अडथळा लागतो. तिथून पुढे अर्धा फेरा, बस. ६ मिमीच्या साध्या आट्याच्या बोल्टला एका फेऱ्यात १ मिमी चाल मिळते, म्हणजे हा अर्धा फेरा अर्ध्या मिलिमीटरचा. पुढे आणखी चार-पाच फेरे पिळले की बुटाला अर्ध्या नंबरने मोठं करायला घेतलंच समजा. ९ नंबर काढून ८ नंबर चढवायचा असेल तर साडेआठ फेरे मागे या, म्हणजे दर वेळी अंदाज घ्यावा लागणार नाही.

ताण बरोबर आहे का, हे बुटाकडे पाहून कळतं. बोटांमागे चालताना पडणाऱ्या घड्या थोड्या सैल झालेल्या दिसाव्यात, पार नाहीशा होऊ नयेत. टाचेचा वरचा काठ सरळ राहावा. लेसच्या भोकांच्या दोन रांगांमधलं अंतर स्टँडवर चढवण्यापूर्वी होतं तेवढंच असावं. तिन्हींपैकी एक जरी बिघडलं असेल तर स्क्रू मागे घ्या. स्प्रिंगच्या नमुन्यात हा पर्यायच नसतो. स्प्रिंग जितकी दाबली जाईल तितकी उलट ढकलते, आणि मुलांच्या मऊ बुटाला ते सोसत नाही.

बूट तरीही फिरतो

बहुतेकदा स्क्रू पुरेसा घट्ट असतो, ठोकळ्याचा आकार चुकीचा असतो. दोन्ही पायांना चालावा म्हणून ठोकळा सारख्या बाजूंचा करतात, पण बूट तसा नसतो. त्याचा पुढचा भाग अंगठ्याकडे वळलेला असतो. असा ठोकळा करंगळीच्या बाजूने चामडं बाहेर ढकलतो आणि अंगठ्याच्या बाजूला पोकळी ठेवतो. ब्रश पोकळीकडून आला की बूट दांडीभोवती गरकन फिरतो. ठोकळ्याचा स्क्रू किंचित सैल करून तो अंगठ्याकडे थोडा वळवता येत असेल तर वळवा आणि दुसऱ्या बुटाला उलट करा. वळत नसेल तर पोकळ बाजूला जुन्या सुती बनियनची घडी घाला. घडी ५-६ मिमीपेक्षा जाड नको.

दुसरं कारण टाचेच्या पट्टीचं. ती टाचेच्या मधोमध, आतल्या तळापासून २ ते ३ सेंटिमीटर उंचीवर टेकली पाहिजे. तिथे चामड्याच्या दोन थरांमध्ये कडक भाग असतो, तो दाब झेलतो. पट्टी वर सरकून काठाला लागली तर तिथे आधार नसतो. बूटही डुलतो आणि काठही फाकतो. स्टँडची पट्टी वर-खाली होत नसेल तर आत टाचेखाली कॉर्कची चकती ठेवून बुटाची उंची जुळवा.

तपासणी सोपी आहे: बुटाचं टोक दोन बोटांनी बाजूला ढकला. २-३ मिमी हललं तर चालेल.

भिंतीतून पट्टी निघून येते

यात दोष गणिताचा. बूट भिंतीपासून साधारण २५ सेंटिमीटर पुढे येतो आणि ब्रशचा खालच्या दिशेचा जोर सहज ५ किलो भरतो. आधारपट्टीच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूत ५ सेंटिमीटर अंतर असेल तर वरच्या स्क्रूवर बाहेर ओढणारा जोर २५ किलोचा होतो. हेच अंतर १० सेंटिमीटर केलं की तो निम्मा. म्हणून उभी, लांब पट्टी घ्या. चौकोनी, बुटकी नको. वर दोन स्क्रू असतील तर आणखी उत्तम.

आतल्या भिंतीचा गिलावा १२-१५ मिमी असतो आणि एक इंची स्क्रू जवळजवळ त्यातच अडकून राहतो. विटांच्या भिंतीला ८ मिमीचा बिट वापरून ५५-६० मिमी खोल भोक घ्या, भोकातली धूळ फुंकून काढा, ८ मिमीचा प्लग पूर्ण आत बसवा आणि १० नंबरचा ५० मिमी स्क्रू लावा. स्क्रू नुसता गरगर फिरत असेल तर भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबू नका. आठवडाभर धरेल आणि मग गिलाव्याच्या खपल्यासकट येईल. १० मिमीचं भोक करून मोठा प्लग घाला, किंवा पाच-सहा सेंटिमीटर बाजूला सरका. नव्या इमारतींत हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंती असतात. त्यांत साधा प्लग पकडत नाही. त्या ब्लॉकसाठी मिळणारा वेगळा प्लग मागा, आणि भोक करताना ड्रिलचा ठोक्याचा बटण बंद ठेवा.

उंची कोपरापासून चार बोटं खाली. त्याहून वर लावलात तर खांदा भरून येतो, खाली लावलात तर वाकून सगळा भार बुटावर पडतो. जागाही विचार करून निवडा. पॉलिशच्या डबीत मेणाबरोबर टर्पेंटाइनसारखी पेट घेणारी द्रावणं असतात, आणि आपल्याकडे हा स्टँड हमखास ड्राय बाल्कनीत गॅस गिझरशेजारी जातो. तिथे नको.

टेबलाला शिकंजाने बसणारा स्टँड असेल तर कडेखाली आणि वर प्लायवूडचे तुकडे घाला, नाहीतर सनमायकावर वळ उठतो. गोल कडेच्या ग्रॅनाइटवर शिकंजा सरकतोच. (स्वयंपाकाच्या ओट्यावर बूट आणायला घरात कोण परवानगी देणार, हा वेगळा प्रश्न.)

ओला बूट स्टँडवर चढवू नका

पावसाळ्यात ही चूक महागात पडते. बूट तयार करताना चामडं ओलसर करून कलबुतावर ताणतात आणि तसंच वाळवतात. त्यामुळे ते कलबुताचा आकार घेतं. भिजलेला बूट स्टँडवर रात्रभर राहिला तर तीच क्रिया पुन्हा होते, फक्त या वेळी आकार स्टँडचा लागतो. ठोकळ्याच्या कडेची रेघ वरून दिसू लागते आणि ती पॉलिशने जात नाही. आधी आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन-तीन तासांनी बदला, सावलीत पंख्याखाली किमान एक दिवस वाळू द्या, मग स्टँड. ओल्या फडक्याने धूळ पुसलीत तरी पॉलिशपूर्वी १०-१५ मिनिटं थांबा.

पीटीच्या पांढऱ्या कॅनव्हास बुटांचं तर विचारूच नका. पांढरं लावल्यावर ते ओले असतात, लोखंडी ठोकळ्याला टेकतात, आणि गंजाचा पिवळा डाग कापडातून वर येतो. ठोकळा लाकडी असेल तरच ते चढवा, तेही वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून.

पॉलिश करताना

स्टँडमुळे दोन्ही हात मोकळे होतात आणि पॉलिश जास्त घेतलं जातं. एका बुटाला हरभऱ्याच्या दाण्याएवढं पुरतं. जाड थर लागला की वरचा भाग वाळतो, खालचा ओलाच राहतो. ब्रश त्यावर फिरला की चकाकीऐवजी धुरकट पट्टे उठतात. पातळ थर, ५ ते १० मिनिटं थांबणं, मग घोड्याच्या केसांच्या ब्रशने हलके, भरभर फटकारे. दोन हातांनी ब्रश दाबायची गरज नसते.

घड्यांमध्ये पॉलिश साचून पांढुरकी रेघ दिसते, हे स्टँड न वापरणाऱ्यांकडे होतं तसं स्टँड फार सैल ठेवणाऱ्यांकडेही होतं. घड्या अर्धवट उघडलेल्या असताना जुन्या टूथब्रशने तिथलं जादा मेण काढा. सोल आणि चामड्याच्या सांध्यातही तोच टूथब्रश.

शाळेचे काळे बूट बहुतेकदा खऱ्या चामड्याचे नसतात. त्यांत मेण मुरत नाही, वर चिकट थर होऊन धूळ धरतं. ओल्या फडक्याने पुसून कोरड्याने घासणं पुरेसं. स्टँडवर ताणल्यास त्यांचा वरचा थर घडीपाशी चिरतो, आणि ती चीर भरून येत नाही.

स्टँड स्वतःच बिघडतो तेव्हा

ठोकळ्यावरचं रबर चिकट झालं असेल तर दोष पॉलिशमधल्या द्रावणांचा. त्यांनी रबर फुगतं, मऊ पडतं आणि अस्तरावर काळे डाग सोडतं. ते खरवडून काढा आणि त्या जागी २ मिमी जाडीचं चामडं किंवा नमदा (दाबून केलेलं लोकरीचं जाड कापड) चिकटवा. दांडी सरकेनाशी झाली तर तिच्यावर मेण आणि धूळ यांची खरड बसलेली असते. टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसा, कोरडी करा, आणि मेणबत्तीचा तुकडा दोनदा फिरवा. शिलाई मशीनचं तेल घालू नका. ते ओघळून अस्तरात जातं. स्क्रूचे आटे झिजून चावी सटकत असेल तर नट बदला, हार्डवेअरच्या दुकानात तो सुटा मिळतो; सोबत जुना बोल्ट घेऊन जा. कोकणात आणि मुंबईत समुद्राच्या हवेला उघड्या लोखंडाचा टिकाव लागत नाही, तिथे स्टेनलेस स्टीलची दांडी आणि सागवानी ठोकळा बरा.

ज्यांना स्टँड लावूच नये

उंच टाचेच्या बुटांत तळ तिरका असतो. सरळ दांडी त्यात घातली की ती बुटाच्या वरच्या काठावर रुतते. दांडीला मोडता येणारा सांधा असेल तरच प्रयत्न करा, नाहीतर गुंडाळलेला टॉवेल आत घालून बूट मांडीवर घ्या. मागे इलॅस्टिक असलेल्या लोफरमध्ये टाचेची पट्टी वापरली की इलॅस्टिक सैल पडतं. फक्त पुढचा ठोकळा वापरा आणि मागून हाताने धरा. कोल्हापुरी चपलेला वर धरण्याजोगं काही नसतंच. ती पाटावर सपाट ठेवायची, अंगठ्याच्या पट्ट्याखाली फडक्याची वळकटी द्यायची आणि मेणाच्या पॉलिशऐवजी फडक्यावर घेतलेले तेलाचे दोन-तीन थेंब वरच्या पट्ट्यांना चोळायचे. तळाला तेल लावलं तर पाऊल घसरतं.