गृहभेटीनंतरची चिंतनवही कशी लिहावी

समाजकार्यात एखाद्या कुटुंबाला घरी जाऊन भेटल्यावर त्या भेटीचा विचार करून लिहायची वही म्हणजे चिंतनवही. ती लिहायला भेट झाली त्याच दिवशी, स्वतःच्या घरी जाण्याआधी २० मिनिटं काढा. दुसऱ्या दिवशी घटना आठवते, पण कोण कोणत्या शब्दांत बोललं ते निसटतं.

पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे फक्त दिसलं-ऐकलं ते: ‘सासू दारातच उभी राहिली. सून प्रत्येक उत्तराआधी तिच्याकडे बघत होती.’ ‘सून दबलेली आहे’ हा आपण लावलेला अर्थ, तो उजवीकडे. बहुतेकांची गफलत इथेच होते. अर्थ आधी लिहिला की मग आठवणीही त्याला जुळतील अशाच येतात, आणि पुढच्या भेटीत आपण तेवढंच शोधत बसतो. आपल्याला आलेला राग, कीव, घाई हेही उजवीकडे लिहा, संकोच करू नका.

शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या, अनुभवावर चिंतन करण्याच्या चक्रात सहा टप्पे आहेत: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती. रोज सहाही भरायला गेलात तर वही लवकरच बंद पडेल. रोज पहिले दोन पुरेत; सहाही टप्पे आठवड्यातून एकाच, मनात सलत राहिलेल्या भेटीसाठी.

कृती नेमकी हवी. ‘संवाद वाढवीन’ यातून काहीच घडत नाही. ‘बुधवारी सुनेला अंगणवाडीत एकटीला भेटेन’ असं लिहा.

वहीत नाव-पत्ता नको, खुणेचं अक्षर वापरा. मुलाला धोका किंवा मारहाण दिसली तर वही नंतर. आधी पर्यवेक्षकांना कळवा आणि गरजेप्रमाणे १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा १८१ (महिलांसाठीची हेल्पलाइन) ला फोन करा.